उलटा ढाळ

स्टोकर हिल, पेन्सिल्वेनिया
२४ ऑक्टोबर

प्रिय रॉनी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू घाबरणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगून टाकते: कोणी गेलेलं नाही, कोणी पडलेलं नाही, घर जागेवर आहे. तुझे बाबाही घरीच आहेत. हे पत्र मी चर्चच्या तळघरात बसून लिहितेय. उद्याच्या विक्रीच्या पिरोगी बटाटा भरून करंजीसारख्या मुरडून झाल्या, बाकीच्या बायका भांडी घासून गेल्या, आणि दिवे मी बंद करते असं मी फादरना सांगितलं. कागदाला कांद्यालोण्याचा वास येत असेल तर तो त्यामुळे. फोनवर का नाही बोललीस, असं विचारशील. आपला फोन कुठे टांगलाय ते तू विसरली नसशील. त्याच्याखालच्या खुर्चीत तुझे बाबा दिवसभर बसलेले असतात, आणि मला हल्ली त्यांच्यासमोर हवापाण्यापलीकडे काही बोलता येत नाही. रविवारी तू विचारतेस आणि मी 'सगळं छान' म्हणते ना, ते मी त्यांच्याकडे बघत म्हणत असते.

तुझ्या त्या ॲरिझोनाच्या वाळवंटात घरांच्या छपराला पन्हळी तरी लावतात का गं? इथे यंदा सगळ्या गल्लीला पन्हळींनी वेड लावलंय. ऑगस्टमध्ये नगरपालिकेची दोन माणसं आली. त्यांनी प्रत्येक घराच्या पन्हळीच्या पाइपात हिरवा रंग ओतला, वरून पाण्याची नळी सोडली आणि रस्त्यातलं मैलापाण्याच्या गटाराचं झाकण उघडून आत बघत बसली. छपराचं पाणी त्या गटारात गेलेलं आता चालत नाही म्हणे, पाऊस पडला की सगळी घाण नदीत उतू जाते. आपली गल्ली कसली, तिला निमित्तच हवं असतं. माणसं खुर्च्या घेऊन बाहेर आली, समोरच्या रेजिसने बिअर काढली. त्याच्या घराचं हिरवंगार पाणी झाकणाखालून वाहिलं तेव्हा पॅट्सी ओट्यावरून ओरडली, "बघून घ्या गं बायांनो, माझ्या नवऱ्याची एक तरी गोष्ट वेळेवर पोचली." खुब्याचं हाड मोडल्यापासून ती चाकाच्या खुर्चीत असते, सकाळच्या कॉफीपासून उजेड असेपर्यंत त्या ओट्यावर. तोंड मात्र अजून कुणाला ऐकत नाही.

रंगात सगळेच नापास झाले. आजोबांच्या काळातले खापराचे नळ, छपरावरून थेट मैलापाण्यात सोडलेले. हुकूम निघाला की जमीन गोठायच्या आत ज्याने त्याने आपल्या पन्हळीचं पाणी तिथून तोडायचं आणि अंगणातून नवा पाइप पुरून रस्त्याच्या कडेला काढायचं. मग सगळ्यांच्या नजरा कुणाकडे वळणार? निम्म्या गावाच्या जमिनीखाली तुझ्या बाबांनी टाकलेले पाइप आहेत. निवृत्त झाल्यापासून ते स्क्रू निवडत बसलेले, ताज्या भाकरीसारखे टवटवीत झाले. गॅरेजमधून ओल्गाला बाहेर काढलं, तेलपाणी केलं. त्या खोदायच्या मशीनला माझ्या आईचं नाव दिल्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही, तरी त्या दिवशी त्यांना तिच्या पट्ट्यांवरचा चिखल दांडक्याने खरवडताना बघून मला फार बरं वाटलं. "आधी आपलं, मग रेजिसचं," म्हणाले. "आणि रेजिस पैशाचं बोलला तर त्याच्या डोक्यात फावडं घालीन."

मी फोन करून जमिनीखालच्या नळांच्या, तारांच्या खुणा करणाऱ्यांना बोलावलं. खोदण्याआधी त्या नंबरवर फोन करायचा हे या घरात कुणी कुणाला शिकवायला नको. तुला आठवतं का, देवाची पहिली प्रार्थना पाठ व्हायच्या आधी तुला 'पिवळा गॅस, निळं पाणी, लाल वीज' पाठ होतं. एकदा कामावर तू पिवळ्या झेंडीवरून उडी मारलीस तेव्हा त्यांनी तुला काखोटीला मारून ट्रकमध्ये नेऊन बसवलं होतं. तू रडत मला विचारत होतीस की बाबा एवढे का घाबरले. ते चेटच्या नंतरचं वर्ष होतं. चेट बारान त्यांच्याबरोबर पंधरा वर्षं चरात उतरला, आपल्याकडे दर नाताळला जेवायला असायचा, आणि एका दुपारी नदीपलीकडच्या घरासमोर कुणीतरी खुणेची झेंडी हलवली होती म्हणून त्याच्या मशीनचा दात गॅसच्या नळावर बसला. ते घरही गेलं आणि चेटही. तुझे बाबा त्या दिवशी संध्याकाळी बूट न काढता रिकाम्या टबात जाऊन बसले होते. त्यानंतर त्यांच्या समोर कुणी झेंडीला हात लावला तर लावणाऱ्याची धडगत नसायची.

खुणा करणारे आले, आपल्या अंगणात रंगीत झेंड्या लावून गेले. दुसऱ्या दिवशी मी इथून पिरोगी करून घरी गेले तर एकही झेंडी नाही. गवत कापलेलं, आणि झेंड्यांची जुडी कॉफीच्या डब्यात घालून पायरीवर ठेवलेली, फुलं ठेवावीत तशी. मी विचारलं तर म्हणाले, "कुणाच्या तरी पोरांनी माझ्या गवतात खेळणी रोवली होती. मशीनच्या पात्यात अडकली असती म्हणजे?"

मी हसले. खरंच हसले, रॉनी, कारण मला वाटलं ते माझी फिरकी घेतायत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि का हसतेस म्हणून विचारलं, अगदी मनापासून. मी आत जाऊन पुन्हा तो नंबर फिरवला आणि कुत्र्याने झेंड्या उपटल्या असं सांगितलं. आपल्याकडे कुत्रा नाही. खुणा पुन्हा झाल्या, आणि मग चर खोदून होईपर्यंत मी खिडकीत खुर्ची टाकून बसले. लोकरीचं विणकाम घेऊन बसले म्हणजे कुणी विचारायला नको. त्या दिवसांत जे विणलं त्याला ना बाही आहे ना गळा.

पण खोदायला लागले आणि मी माझ्याच भीतीला हसले. काय हात चालत होता त्यांचा! खुणा केलेल्या रेषेपासून दूर राहून ओल्गाने गवताची साल अशी काढली की परत अंथरता यावी. चर सरळ, तळाशी खडी, पांढरे पाइप एकात एक, जांभळा द्रव लावून मग चिकटवायचं, आणि सांधा बसला की त्यावर निळ्या खडूची रेघ. ती त्यांची खूण तुला माहीत आहे, आत्तापर्यंत टाकलेल्या प्रत्येक सांध्यावर आहे. अधूनमधून पाणसळ लावून बुडबुडा बघत होते आणि जुनं लग्नातलं गाणं गुणगुणत होते. गल्लीतले लोक कुंपणाशी उभे राहून बघत होते. मी सगळ्यांना कॉफी दिली आणि मनाशी म्हटलं, बर्निस, तुला काम नाही म्हणून तू भुतं शोधतेस. माती लोटून झाली, गवताची साल परत बसवली, संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून कोबी-शेवयांच्या हालुश्की खाल्ल्या. ते म्हणाले, "आता येऊ दे पाऊस."

पाऊस आला. मी मिरच्यांची बरणी आणायला तळघरात उतरले आणि मला भिंतीच्या आतून पाणी खळखळल्याचा आवाज आला. जिथे कधी ओल नव्हती त्या रस्त्याकडच्या भिंतीवरून पाणी उतरत होतं, जमिनीवर तळं झालं होतं. छत्री घेऊन मी बाहेर पळाले, रस्त्याच्या कडेला वाकून आपल्या नव्या पाइपाचं तोंड बघितलं. ते कोरडं होतं. एवढा पाऊस, छपराचं सगळं पाणी पन्हळीतून धो धो खाली जात होतं, आणि रस्त्याकडच्या तोंडाशी थेंब नाही. घराजवळचं साफसफाईचं बूच उघडलं तर आत पाणी काठोकाठ. पाइप रस्त्याकडे उतरतच नव्हता गं. तो घराकडे उतरत होता. सगळं पाणी आपल्या पायाशी जमून सांध्यातून भिंतीत जात होतं.

एवढ्यात तुझे बाबा मागे येऊन उभे राहिले. डोक्यावर काही नाही, अंगात बनियन. त्यांनी बुचातून आत बघितलं, रस्त्यापर्यंत चालत गेले, परत आले आणि मला म्हणाले, "हा पाइप कुठल्या गाढवाने टाकलाय?"

मी म्हटलं, "कोण जाणे. नदीपलीकडचा कुणी कंत्राटदार असेल." ते फसकन हसले. "तरीच," म्हणाले. नदीपलीकडच्यांना नावं ठेवायला मिळाली की त्यांना अजून तेवढाच आनंद होतो. आम्ही एका छत्रीखाली उभे होतो आणि मी त्यांच्या हसण्यात हसले. भीतीने माझे दात वाजत होते आणि त्यांना वाटलं मला थंडी वाजतेय, म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला.

पाऊस थांबल्यावर ते फावडं घेऊन त्या गाढवाचं काम बघायला निघाले. घराजवळ उघडलं, मध्ये उघडलं, रस्त्याजवळ उघडलं, आणि मला पाणसळ धरायला लावली. बुडबुडा उंच बाजूला जातो एवढं तर इतक्या वर्षांत मलाही कळतं. तिन्ही ठिकाणी बुडबुडा रस्त्याच्या बाजूला, आणि तिन्ही ठिकाणी अगदी त्याच रेघेवर. कुठे खचलेलं नाही, कुठे पोट पडलेलं नाही. नवशिक्याने केलं असतं तर वाकडंतिकडं झालं असतं, हे तसं नव्हतं. तुझे बाबाही तेच म्हणाले. गुडघ्यावर बसून पाइपावरून हात फिरवत म्हणाले, "हात बसलेला आहे बरं का या माणसाचा. ढाळ बघ, शेवटपर्यंत एकसारखा. फक्त उलटा." मग त्यांनी सांध्यावरची माती अंगठ्याने पुसली. खाली निळी रेघ होती.

त्यांनी ती रेघ थोडा वेळ अंगठ्याने घासली, मग उठून आत गेले आणि हात धूत राहिले. नळ वाहतोय, वाहतोय, बंद होत नाही. मी चरात तशीच उभी होते. आत जाऊन त्यांना मिठी मारावी असं वाटत होतं, पण गेले नाही, कारण मी आत गेले असते तर त्यांना कळलं असतं की मीही ती रेघ बघितली.

मी त्यांना दाखवून आणलं, ते विचारू नकोस. डॉक्टरकडे जायला त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि तिथे अशी बहार उडवली की नर्स पोट धरून हसली. वार बरोबर, महिना बरोबर, राष्ट्राध्यक्ष कोण तेही बरोबर, वर त्याच्याविषयी चावट विनोद. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, वय झालं की थोडं व्हायचंच. मी त्यांना पाइपाचं सांगितलं, तर ते म्हणाले, अहो, माझा पाइप तर मला कुठल्याही बाजूला टाकता येणार नाही. गाडीत तुझे बाबा मला म्हणाले, "झालं समाधान?" आणि मी हो म्हटलं. घरी येऊन आपल्या पन्हळीला मी एक काळी लवचीक नळी लावून घेतली आणि पाणी तात्पुरतं गवतावर सोडलं. तळघर सुकतंय.

तळघराचं मला काही वाटत नाही. पाणी पुसता येतं. मला धडकी भरली ती त्यानंतरच्या सोमवारी. न्याहारीला अंडं खाता खाता ते म्हणाले, "चेट किती वाजता येतोय?" मी म्हटलं, कोण चेट? मला वाटलं दुसरा कुणी असेल, असू दे दुसरा कुणी. ते वैतागून म्हणाले, "अगं बारान. रेजिसकडे एकट्याने कसं उरकेल?" मी उठून सिंकपाशी गेले आणि पाठमोरी राहूनच म्हटलं की चेटला आज जमत नाहीये. ते म्हणाले, "आळशीच आहे तो," आणि पुन्हा अंडं खायला लागले. बघ ना रॉनी, झेंडी कशासाठी असते हे त्यांना चेटने शिकवलं होतं, मरून शिकवलं होतं. आता चेट मेलेलाच नाही, तर पिवळी झेंडी म्हणजे गवतातलं खेळणंच की.

आणि रेजिसच्या अंगणात गॅसचा नळ कुठून जातो ते तुला आठवत असेल. फाटकापासून सरळ ओट्याच्या पायऱ्यांशी. नवा पाइप जायला दुसरी वाटच नाही, त्याच पट्ट्यात खोदावं लागणार, आणि वर पॅट्सी बसलेली, जिला स्वतःहून त्या ओट्यावरून उतरता येत नाही. तुझे बाबा रेजिसला सांगत होते, "खुणाबिणा कशाला? या गल्लीतला नळ न नळ मला पाठ आहे. तुझा गॅस डावीकडून जातो." तो उजवीकडून जातो. मी हे कॉफी देताना ऐकलं. मी गुपचूप फोन करून रेजिसच्या अंगणात खुणा करवून घेतल्या. दुपारी पायरीवरच्या कॉफीच्या डब्यात नवी जुडी होती.

मग मी रेजिसला गाठलं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही असं ठरवून गेले होते, पण तोंड उघडलं आणि लपवलंच. म्हटलं, आमच्या एमिलला हल्ली दमायला होतं, तू दुसरा कुणी बघ. तर तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "बर्निस, तू त्याला म्हातारा करू नकोस. एमिल डोळे मिटून पाइप टाकेल." आपला पाइप कसा पडला हे त्या रात्रंदिवस कुंपणाशी उभं राहणाऱ्या गल्लीला अजून माहीत नाही. त्यांना मी सांगितलंय की जुन्या भिंतीला तडा होता. खरं सांगावं असं रोज ठरवते. मग ते फाटकाशी उभे असतात, येणारा जाणारा थांबून आपल्या पन्हळीचं विचारतो, ते हातवारे करून सांगतात, आणि प्रत्येक शब्द बरोबर असतो गं, चुकत काहीच नाही. त्या माणसाला सगळ्या गल्लीसमोर मी कसं उघडं पाडू? पण नाही पाडलं आणि पॅट्सीच्या पायाखाली काही झालं तर? ते स्वतः त्या मशीनवर बसलेले असताना झालं तर? भाजी चिरताना मला ते दिसतं, चर्चमध्ये गुडघे टेकले की दिसतं. समोरच्या घरापाशी कुणी गाडीचं दार आपटलं तरी मी जागेवरून उडते. इतकी भीती मला तुझ्या वेळच्या बाळंतपणातही वाटली नव्हती, आणि तेव्हा मला वाटलं होतं की मी मरतेय.

आता हे पत्र का लिहिलं ते. पाकिटात चांदीच्या कागदात गुंडाळलेलं जे काही तुझ्या हाताला लागलं असेल, ती ओल्गाची किल्ली आहे. एकच आहे, दुसरी कधीच हरवली. रेजिसकडे शनिवारी खोदायचं ठरलं, त्याच्या आदल्या दिवशी मी ती खुंटीवरून काढली आणि पिठाच्या डब्यात घातली. शनिवार टळला आणि मला वाटलं, सुटलो. पण ते तेव्हापासून शोधतायत. माझ्यावर संशय घेतला असता, आदळआपट केली असती, तर मी सहन केलं असतं. ते चिडलेच नाहीत. त्यांची खात्री आहे की किल्ली त्यांनीच कुठेतरी ठेवली आणि विसरले. काल मी गॅरेजमध्ये गेले तर सगळे स्क्रूचे डबे जमिनीवर ओतून ते पालथ्या बादलीवर बसले होते, आणि मला म्हणाले, "बर्निस, मी आणखी काय काय हरवलंय, मला सांगशील का?" त्यांच्या चेहऱ्यावर मी असली भीती कधी बघितली नव्हती, चेट गेला तेव्हाही नाही. किल्ली मी त्यांना देऊ शकत नाही. ती घरात राहिली तर असं एकदा विचारलं की मी देऊन टाकीन, मला माझा भरवसा नाही, म्हणून ती तुझ्याकडे पाठवतेय. रविवारी फोन कर आणि मला नको, त्यांना बोलव. सांग की सप्टेंबरात कामगार दिनाच्या सुट्टीला आली होतीस तेव्हा किल्ली तू मुद्दाम नेलीस, या वयात त्यांनी मशीनवर बसू नये म्हणून, आणि आता देणार नाहीस. त्यानंतर त्यांनी याच किल्लीने आपला चर खोदला हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तू आली होतीस हे त्यांना आठवतंय, चराचं आठवणार नाही. त्यांच्या दुखण्याचाच फायदा घेऊन मी त्यांना फसवतेय हे मला कळतंय, पण मला दुसरं काही सुचत नाही. ते ओरडतील. बापाची किल्ली चोरणारी कार्टी म्हणतील, वाळवंटात जाऊन डोकं वाळलं म्हणतील, आणखी काय काय म्हणतील. म्हणू दे. राग त्यांना झेपतो. उलट उत्तर देऊ नकोस आणि रडू तर मुळीच नकोस, मी शेजारीच उभी असेन. फोन मध्येच ठेवू नकोस, बाळा. ते तुझं नाव घेऊन ओरडतील, तेवढं नीट ऐकून ठेव.

तुझीच,
आई